वीतभर उंचीची धान्यवखार

आमच्या तळघरात एक गाव आहे. प्लायवूडवर वसलेलं. एक स्टेशन, नऊ घरं, एक चर्च आणि भोवती फिरणारी आगगाडी. सगळं खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. ‘पन्नाशीचा घोडा खेळण्यातल्या गाड्या चालवतो’ हे आमच्या हिने फोन करकरून भारतभर कळवलेलं आहे, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण नुसती गोल फिरणारी गाडी लवकर कंटाळा आणते. तिला काम हवं. कुठे डबा सोडावा, कुठून भरलेला उचलावा. त्यासाठी रुळाकडेला छोटासा धंदा हवा. मी राहतो त्या इलिनॉयच्या सपाट मुलखात डोळ्यांपुढे पहिलं येतं ते ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्याची उभी वखार. मग एक सांधा बसवला, हातभर सायडिंग टाकली आणि वीतभर उंचीचं लाकडी एलेव्हेटर उभं केलं. खरं असतं तर साठेक फूट भरलं असतं. शेजारी चाळीस फुटी मालडबा, म्हणजे माझ्याकडचा १४ सेंटिमीटरचा.

आमच्या छंदवाल्या मंडळींत ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत, जन्माने शेतकरी. त्यांनी वाकून पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "सगळं छान आहे. पण काटा कुठाय?"

मी गप्प. काटा विसरलोच होतो. मग पुस्तकं काढून बसलो, आणि कळलं की या इमारतीचा सगळा इतिहास त्या काट्याभोवतीच फिरतोय.

पूर्वी अमेरिकेतही धान्य पोत्यातूनच जायचं. पोत्यावर मालकाची खूण. गहू विकला जाईपर्यंत शेतकऱ्याचा, मग तो कुठल्याही गावात असो. १८४२ साली बफेलोच्या बंदरात जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या इंजिनिअरकडून वाफेवर चालणारं एलेव्हेटर बांधून घेतलं. पट्ट्याला लावलेले छोटे डबे जहाजाच्या पोटातून धान्य उपसून वर नेत. आपलं रहाटगाडगंच, फक्त पाण्याऐवजी गहू. हमालांच्या पाठीवरचं ओझं यंत्रावर गेलं.

पण यंत्राला पोतं चालत नाही, त्याला धान्य सुटं लागतं. आणि सुटं म्हटलं की माझा गहू, तुझा गहू एकाच कणगीत. मग ओळखायचं कसं? शिकागोच्या व्यापाऱ्यांनी १८४८ साली ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ काढलं होतं. त्यांनी १८५६ पासून गव्हाच्या प्रती ठरवायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या हाती आली फक्त पावती: अमुक प्रतीचा, इतके बुशेल (गव्हाचा एक बुशेल साधारण २७ किलो). पोत्यावरचं नाव गेलं ते कायमचं.

आता सगळी मदार दोन गोष्टींवर. काटा कोण वाचतो आणि प्रत कोण ठरवतो? दोन्ही वखारवाल्याच्या हातात! रुळाकडेला वखार एकच असली की भांडायचं कुणाशी? शेतकरी संतापले, संघटित झाले, आणि १८७१ साली इलिनॉयने वखारींचे दर बांधून देणारा कायदा केला. शिकागोचे मन आणि स्कॉट कोर्टात गेले. मधल्या काळात, १८७२ साली, त्यांचं दिवाळं निघालं आणि रिकाम्या कणग्यांवर फळ्या टाकून वर गहू पसरल्याचं उघडकीला आलं. खटला मात्र चालूच राहिला. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्या धंद्यावर सगळ्या जनतेचं हित अवलंबून आहे, त्याला सरकार नियम लावू शकतं. ‘मन विरुद्ध इलिनॉय’ हा खटला इथले कायद्याचे विद्यार्थी अजून शिकतात.

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. वऱ्हाडातले. बैलगाडीतून ज्वारी घेऊन बाजाराला जायचे. आडत्या रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा, वर पोत्यामागे ‘कडता’ कापायचा. "आपण पिकवायचं आणि वजन त्यानं सांगायचं," एवढंच ते म्हणायचे, चिडूनसुद्धा नाही. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला होता, मुंबई प्रांतात १९३९ साली. दोन खंड, दोन तऱ्हेची बाजारपेठ, पण दुखणं एकच.

इथली छोटी लाकडी एलेव्हेटरं पुढे मागे पडली. १९८० च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना तोट्याचे फाटे बंद करणं सोपं झालं आणि धान्य शंभरेक डब्यांच्या गाड्या भरणाऱ्या मोठ्या वखारींकडे गेलं. जुनी कुठेकुठे रिकामी उभी दिसतात, शेजारी रूळही नसतात.

असो. मागच्या रविवारी मी पुठ्ठ्याची काट्याची खोली बनवली, पुढे ट्रक उभा राहील एवढी फळी बसवली. भरलेला ट्रक तोलायचा, धान्य ओतायचं, रिकामा पुन्हा तोलायचा. आजोबा पाहून गेले. खूश झाले, पण जाताना खिडकीपाशी ठेवलेला दोन सेंटिमीटरचा शेतकरी उचलून त्यांनी थोडा पुढे सरकवला.

"तिथून त्याला आकडा दिसत नाही," म्हणाले.