आयर्लंडमधील लॉबिंग : मतदारसंघाचे दार आणि उघडी नोंदवही

लोकप्रतिनिधींनी एखाद्या धोरणाला पाठिंबा द्यावा, विरोध करावा किंवा त्यात बदल घडवून आणावा, यासाठी हितसंबंधी गटांकडून होणाऱ्या प्रयत्नांना लॉबिंग म्हणतात. आयर्लंडमध्ये हा व्यवहार बेकायदा नाही. लोकशाहीचा तो स्वाभाविक भाग मानला जातो. मात्र १ सप्टेंबर २०१५ पासून त्याची सार्वजनिक नोंद करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.

या देशाची निवडणूक पद्धत अशा प्रयत्नांना विशेष अनुकूल आहे. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात १७४ सदस्य असून ते ४३ मतदारसंघांतून निवडले जातात. प्रत्येक मतदारसंघातून ३ ते ५ प्रतिनिधी येतात. भारतात आमदार राज्यसभेसाठी ज्या पसंतीक्रमाच्या पद्धतीने मतदान करतात, तीच पद्धत तेथे सामान्य मतदारासाठी आहे. परिणामी उमेदवाराची स्पर्धा विरोधकांइतकीच स्वपक्षीयांशीही असते, आणि शेवटची जागा कधी कधी मूठभर मतांनी ठरते. म्हणून खासदार आपल्या भागात नियमितपणे गाऱ्हाणी ऐकायला बसतात. या बैठकीला तेथे ‘क्लिनिक’ असेच म्हणतात. मुरलेल्या संघटना हे दार नेमके ओळखून असतात. शेतकरी संघटनेची स्थानिक शाखा, गावातला पबमालक, कोपऱ्यावरचा दुकानदार यांचा शब्द राजधानीतून आलेल्या गुळगुळीत निवेदनापेक्षा जड ठरतो. डब्लिनमधील कार्यालय मुद्दे तयार करते आणि ते मांडतो तो ओळखीचा मतदार.

याखेरीज अर्थसंकल्पापूर्वीची निवेदने, संसदीय समित्यांपुढील साक्षी आणि मंत्र्यांचे विशेष सल्लागार हे नेहमीचे मार्ग आहेतच. १९८७ पासून सुमारे दोन दशके तर मालक, कामगार व शेतकरी यांच्या संघटना सरकारसोबत बसून वेतन आणि करांचे राष्ट्रीय करारच करीत होत्या. २००८ नंतरच्या आर्थिक संकटात ही व्यवस्था मोडली.

नोंदवहीची गरज भासली ती जमिनीच्या प्रकरणांमुळे. शेतजमिनीचा विभाग बदलला की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि विभागबदलाचा अधिकार नगरसेवकांच्या हाती होता. डब्लिन परिसरातील अशा व्यवहारांच्या चौकशीसाठी १९९७ मध्ये न्यायाधिकरण नेमले गेले. सरकारचे माजी प्रसिद्धी सचिव आणि नंतर व्यावसायिक लॉबिस्ट झालेले फ्रँक डनलॉप यांनी २००० साली नगरसेवकांना पैसे दिल्याची कबुली तेथे दिली. २००९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. न्यायाधिकरणाचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. प्रादेशिक आराखड्यांवरील आंदोलने पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला या कथेतील भूखंडांचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

२०१५ च्या कायद्याने दहाहून अधिक कर्मचारी असलेले मालक, पगारी कर्मचारी असलेल्या प्रातिनिधिक व प्रचारक संस्था आणि पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बोलणारे सल्लागार यांना नोंदणीच्या कक्षेत आणले. जमिनीच्या विकासाविषयी किंवा विभागबदलाविषयी बोलणाऱ्याला, स्वतःच्या राहत्या घराचा अपवाद वगळता, संख्येची ही सवलतही नाही. कोणाला गाठले, कोणत्या विषयावर आणि कोणता परिणाम अपेक्षित होता, हे वर्षातून तीनदा, प्रत्येक चार महिने संपल्यावर २१ दिवसांत कळवावे लागते. मंत्री, खासदार, नगरसेवक, विशेष सल्लागार व वरिष्ठ अधिकारी यांच्याशी झालेला संपर्क यात येतो. विलंबास २०० युरो दंड आहे. नोंदी कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. बैठकीत प्रत्यक्ष काय बोलले गेले, हे मात्र त्यांतून कळत नाही.

पदावरून उतरलेल्या मंत्र्याने वर्षभर आपल्या जुन्या खात्याकडे लॉबिंग करू नये, असेही कायदा सांगतो. पण हा नियम मोडल्यास शिक्षाच नव्हती. २०२० मध्ये वित्त खात्याचे माजी राज्यमंत्री मायकल डार्सी काही महिन्यांतच गुंतवणूक व्यवस्थापकांच्या संघटनेचे प्रमुख झाले, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली. २०२३ च्या दुरुस्तीने २५,००० युरोपर्यंतच्या दंडाची तरतूद केली.

लॉबिंगचे खरे बळ कसे चालते, हे पाहायचे तर मद्यविषयक कायद्याचा प्रवास पाहावा. विधेयक डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. किमान किंमत, जाहिरातींवर बंधने, दुकानात मद्य वेगळे ठेवणे आणि बाटलीवर आरोग्याचा इशारा असा त्याचा आवाका होता. डॉक्टरांच्या संस्था व ‘अल्कोहोल ॲक्शन आयर्लंड’ एका बाजूला, मद्यउत्पादक आणि किरकोळ दुकानदार दुसऱ्या बाजूला. पबमालकांनी किमान किमतीला पाठिंबा दिला, कारण सुपरमार्केटमधील स्वस्त दारू त्यांचेच गिऱ्हाईक पळवीत होती. दुकानदारांचा रोष मद्य आडोशामागे ठेवण्याच्या कलमावर होता. छोट्या दुकानाला हा खर्च झेपणार नाही, ही तक्रार गावोगावच्या प्रतिनिधींपर्यंत पोहोचली आणि वरिष्ठ सभागृहात सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनीच विरोध केला. चर्चा दीर्घकाळ थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लहान दुकानांसाठी ठरावीक मापाच्या कपाटांचा सौम्य पर्याय आला.

कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये संमत झाला, वराडकर पंतप्रधान असताना. वेगळ्या मांडणीचा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये आणि दर ग्रॅम मद्यार्कामागे १० सेंट ही किमान किंमत ४ जानेवारी २०२२ रोजी लागू झाली. म्हणजे विधेयक कोणी पाडले नाही. त्याचे एकेक कलम उशिरा येत राहिले. दबावगटाला प्रत्येक वेळी जिंकावे लागतेच असे नाही, वेळ मिळाला तरी पुरते.

सर्वांत चिवट झुंज लेबलची ठरली. कर्करोग आणि यकृताच्या आजाराचा इशारा सक्तीचा करणाऱ्या नियमांवर मे २०२३ मध्ये सही झाली आणि उद्योगाला तीन वर्षांची मुदत मिळाली. इटलीसारख्या वाइन उत्पादक देशांनीही आक्षेप नोंदवले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी आयातशुल्काच्या सावटाचा आणि व्यापारातील अनिश्चिततेचा दाखला देत सरकारने अंमलबजावणी सप्टेंबर २०२८ पर्यंत पुढे ढकलली. तोपर्यंत काही उत्पादकांनी नवी लेबले छापूनही घेतली होती आणि इशारा असलेल्या बाटल्या आयरिश दुकानांत विक्रीला होत्या.