चुकीच्या खात्यातले दहा लाख पौंड



मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला. फेलोशिप जमा झाली होती. तुमच्यापैकी जे अजून नेटची तयारी करताहेत त्यांना सांगते, फेलोशिप ही पगारासारखी एक तारखेला येत नाही. कधी दोन-तीन महिने काहीच नाही आणि मग एकदम सगळी थकबाकी. त्यामुळे दोन दिवसांनी तेवढ्याच रकमेचा दुसरा मेसेज आला तेव्हा ‘जुनी थकबाकी असेल’ असं म्हणून मी कामाला लागले. खरं सांगायचं तर ती थकबाकीच असावी असं मला वाटत होतं.

कारण औंढ्याला घरी पेरणीची तयारी चालू होती. सोयाबीनचं बियाणं, डीएपी, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं एकदम आलेलं. बाबा कुणाकडून तरी उसने आणायच्या विचारात होते. आणि इकडे माझ्या खात्यात एका महिन्याचे पैसे जास्तीचे पडलेले.

रात्री मी वही काढली. विद्यापीठानं माझी उपस्थिती कोणकोणत्या महिन्यांची कळवली होती, ते एका बाजूला लिहिलं. पासबुकातल्या जमा रकमा दुसऱ्या बाजूला. महिने सात निघाले, रकमा आठ. म्हणजे थकबाकी वगैरे काही नाही, एक महिना दोनदा आला होता.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “माय, चूक त्यांची हाय. मागतील तवा देऊ. तवर पेरणी तर होईल.”

हे बोलणं तुम्हाला लबाडीचं वाटतंय का? मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. परत देणार नाही असं ते म्हणत नव्हते. ‘मागतील तेव्हा’ एवढंच त्यांचं म्हणणं. पण या ‘मागतील तेव्हा’ मध्ये नेमकं काय दडलेलं असतं ते समजायला मला इतिहासातल्या एका प्रकरणाचा उपयोग झाला. मी विज्ञान शाखेची, इतिहास हा माझा विषय नाही. पण हे प्रकरण आपल्याच भागाचं आहे आणि संशोधन सुरू करणाऱ्या माणसानं वाचावं असं आहे, म्हणून आज त्यावर लिहिते.

आपण मराठवाड्यातली पोरं दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाला जातो. १९४८ साली औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात होतं (हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी) आणि परभणी हैदराबाद संस्थानात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी शरणागती पत्करली. इथपर्यंत आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच आठवड्यात लंडनच्या एका बँकेत काय घडलं, ते मात्र शिकवत नाहीत.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजामांच्या सरकारच्या नावे एक खातं होतं. संस्थानाचे अर्थमंत्री मोईन नवाझ जंग त्या वेळी परदेशात होते, संयुक्त राष्ट्रांपुढे हैदराबादची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख. त्यांच्या सूचनेवरून या खात्यातले दहा लाख पौंडांहून थोडे जास्त पैसे दुसऱ्या खात्यात वळवले गेले. तारीख २० सप्टेंबर १९४८. म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी! दुसरं खातं होतं पाकिस्तानचे ब्रिटनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावावर. हे रहिमतुला मूळचे आपल्या मुंबईचेच, तिथल्या नामांकित घराण्यातले.

सात दिवसांनी, २७ सप्टेंबरला, निजामांनी बँकेला कळवलं की हे पैसे माझ्या परवानगीशिवाय गेले आहेत, ते परत फिरवा.

लक्षात घ्या, इथे चूक खाते क्रमांकाची नव्हती, अधिकाराची होती. निजामांचं म्हणणं असं की ज्यानं पैसे पाठवले त्याला ते पाठवायचा हक्कच नव्हता. आता बँकेनं काय करावं? पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक ते काढून घेऊ शकत नाही. आणि मूळ मालक ‘माझे आहेत’ म्हणून ओरडत असताना ते सुखानं दुसऱ्याला वापरू देणंही धोक्याचं. बँकेनं निजामांना नकार दिला, पण पैसे पाकिस्तानलाही काढून दिले नाहीत. दोघांचं ठरू द्या, मग बघू. आणि ते पैसे तिथेच राहिले, तब्बल ७१ वर्षं.

निजामांनी १९५४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला. तो वरपर्यंत, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९५७ साली निकाल लागला तो असा, की रहिमतुला यांनी पैसे पाकिस्तान सरकारचे प्रतिनिधी म्हणून घेतले, पाकिस्तान सार्वभौम देश आहे आणि सार्वभौम देशावर त्याच्या संमतीशिवाय इथे खटला चालत नाही. पैसे कुणाचे, या प्रश्नाला न्यायालयानं हातच लावला नाही. दार बंद.

‘मागतील तेव्हा देऊ’ याचा अर्थ मला इथे कळला. निजामांनी तर सातव्या दिवशीच मागितले होते. पण मागणाऱ्यानं मागितल्यावर घेणाऱ्याला हजार कारणं सापडतात. पैसे आले त्या क्षणी घेणाऱ्याची बाजू वरचढ होते, कारण आता धावपळ दुसऱ्यानं करायची असते.

दार उघडलं ते पाकिस्ताननंच. २०१३ मध्ये त्या पैशांसाठी पाकिस्ताननं स्वतःहून बँकेवर दावा केला. पण स्वतःच न्यायालयात आल्यावर ‘आमच्यावर खटला चालत नाही’ हे संरक्षण उरत नाही. हे लक्षात आल्यावर त्यांनी दावा मागे घ्यायचा प्रयत्न केला, न्यायालयानं तो घेऊ दिला नाही. एका बाजूला पाकिस्तान, दुसऱ्या बाजूला भारत सरकार आणि सातव्या निजामांचे दोन नातू, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह. भारत आणि नातू यांनी आपसात गोपनीय समझोता करून घेतला होता.

पाकिस्तानची मांडणी दोन तऱ्हेची होती. एक म्हणजे हे पैसे हैदराबादला मिळालेल्या शस्त्रांच्या बदल्यात होते. नाहीतर दुसरं, की ते भारताच्या हाती लागू नयेत म्हणून पाकिस्तानकडे सोपवले होते. शस्त्रांची गोष्ट हवेतली नाही. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये हैदराबादला विमानानं शस्त्रं पोचवत होता आणि त्यात पाकिस्तानची मदत होती. पण २ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी म्हटलं की शस्त्रांचा व्यवहार झाला म्हणून ही रक्कम त्याच व्यवहाराची ठरत नाही. ही रक्कम शस्त्रांपोटी दिली याला पुरावा नाही. रहिमतुला यांच्याकडे ती केवळ विश्वस्त म्हणून होती आणि तिचा लाभ सातव्या निजामांचा, म्हणून आता त्यांच्या वारसदारांचा आणि भारताचा.

माझ्या संशोधक मित्रांनो, हा भाग दोनदा वाचा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, दोन्ही खऱ्या आहेत, दोन्हीत तीच माणसं आहेत. तरीही एक दुसरीचं कारण आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आपण प्रयोगशाळेत हेच शिकतो आणि प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात हेच विसरतो.

आणखी एक. २७ सप्टेंबरचा तो संदेश निजामांचा खरा, पण तोवर संस्थानात मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक म्हणून आले होते. मग त्या संदेशात निजामांची इच्छा किती आणि परिस्थितीचा रेटा किती? उलट बाजूनं, २० सप्टेंबरला पैसे हलले तेव्हा ज्या सरकारच्या नावानं मोईन नवाझ जंग वागत होते ते सरकार उरलं होतं का? कागद खरा असणं आणि कागदातलं म्हणणं मोकळेपणानं केलेलं असणं, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. जुना कागद हातात आला की तारखेच्या शेजारी ‘त्या दिवशी लिहिणारा कुठल्या स्थितीत होता’ असा एक रकाना आखा.

२०१९ पर्यंत दहा लाखांचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. मी गणित करून पाहिलं, दरसाल साधारण ५ टक्के चक्रवाढ. कुणी खर्च केले नाहीत म्हणून वाढले, आणि कुणी ठरवलं नाही म्हणून कुणाच्या कामी आले नाहीत. सातवे निजाम १९६७ मध्ये वारले, त्यांच्या निधनानंतर अर्ध्या शतकानं निकाल आला.

पण मला सगळ्यात जास्त वेळ छळलेला प्रश्न निकालपत्राच्या बाहेरचा आहे. पैसे कुणाचे? पाकिस्तानचे, निजामांचे की भारताचे, एवढेच पर्याय न्यायालयापुढे होते. खातं मात्र निजामांच्या सरकारच्या नावे होतं. सरकारचा पैसा येतो कुठून? औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे, शिवाय तेलंगणातले आणि कानडी मुलखातले, इथल्या माणसांनी उस्मानिया सिक्क्यात भरलेल्या शेतसाऱ्यातून आणि करांतून. माझे पणजोबा त्या प्रजेतलेच. ते त्या खटल्यात पक्षकार नव्हते आणि कायद्यानं असूही शकत नव्हते. भारत सरकार होतं, त्या वाटेनं आपण सगळे थोडेफार आलो असं म्हणता येईल. पण प्रजेचा म्हणून वेगळा प्रश्न तिथे मांडलाच गेला नाही.

न्यायालय चुकलं असं मी म्हणत नाहीये. न्यायालय समोर आलेल्या पक्षकारांमध्ये निवाडा करतं, ते त्याचं कामच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचं काम मात्र तिथे संपत नाही. संशोधनाचा प्रश्न तुम्ही जसा मांडता, तेवढीच माणसं त्यात दिसतात. प्रश्नाच्या चौकटीबाहेर कोण राहिलं हे शोधणं, बऱ्याचदा तोच पुढचा शोधनिबंध असतो.

आता माझ्या रकमेकडे येते. आपल्याकडे याचं उत्तर १८७२ सालापासून लिहून ठेवलेलं आहे. भारतीय करार अधिनियमाचं कलम ७२ म्हणतं की चुकीनं किंवा जबरदस्तीनं ज्याला पैसे दिले गेले त्यानं ते परत केले पाहिजेत. कायद्यातलं उदाहरणच मजेशीर आहे. अ आणि ब यांना मिळून क चे १०० रुपये द्यायचे आहेत. अ एकटाच सगळे देऊन टाकतो. ब ला हे माहीत नसतं, तोही १०० रुपये देतो. क नं ब चे पैसे परत करायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात माझी दोनदा आलेली फेलोशिप!

आणि बाबांच्या ‘चूक त्यांची हाय’ ला सुद्धा जुनं उत्तर आहे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये केली विरुद्ध सोलारी हा खटला झाला. एका विमा कंपनीनं हप्ता थकून बंद पडलेल्या पॉलिसीचे पैसे विसरून मृताच्या पत्नीला दिले. न्यायालयानं तत्त्व सांगितलं की देणाऱ्यानं नीट तपासलं नाही, एवढ्यामुळे घेणाऱ्याचा त्या पैशावर हक्क तयार होत नाही.

मी काय केलं? आधी ती रक्कम माझ्या रोजच्या खात्यातून काढून वेगळी ठेवली. हे सगळ्यात महत्त्वाचं. पैसे आपल्या पैशात मिसळले की दोन महिन्यांत आपल्यालाच ते ओळखू येत नाहीत. मग वहीतला तक्ता जोडून संबंधित विभागाला लेखी कळवलं. पहिलं उत्तर आलं की ‘असा काही प्रकार आमच्या नोंदीत दिसत नाही.’ तो दिवस खरा कठीण होता. मागणाराच म्हणतोय की आमचे नाहीत! मी पुन्हा लिहिलं, या वेळी दोन्ही व्यवहारांचे क्रमांक देऊन. चौथ्या महिन्यात उत्तर आलं आणि ती रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती झाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एक लक्षात ठेवा. अनोळखी माणूस फोन करून ‘चुकून पैसे आले, या नंबरवर परत पाठवा’ म्हणाला तर पाठवू नका, फसवणुकीची ती नेहमीची रीत आहे. बँकेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आलेत त्याच वाटेनं पैसे परत जाऊ द्या.

पेरणीसाठी बाबांनी उसनेच आणले. मी माझ्या हक्काच्या रकमेतून जमेल तेवढे पाठवले, ते पुरले नाहीत. दिवाळीला घरी गेले तेव्हा त्यांना निजामाच्या पैशांची ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग आपल्या गावच्या साऱ्याचं काय झालं म्हणायचं?”

मी म्हटलं, बाबा, तेच शोधायचं राहिलंय.