इतिहासाचे भिजलेले साधन

मी शाळेत ३४ वर्षे इतिहास शिकवला. एवढ्या काळात मी किती साम्राज्ये बुडवली याचा हिशेब नाही. मोगल तर दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बुडालेच पाहिजेत, असा आमच्या हेडमास्तरांचा दंडक होता. पण स्वतःच्या हाताने प्रत्यक्ष काही बुडवण्याचा योग कधी आला नव्हता. तो गेल्या आषाढात आला. माझा मोबाइल धुण्याच्या बादलीत बुडाला.

प्रसंग अगदी साधा. मी न्हाणीघरात साबण उचलायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल माझ्याही पुढे वाकला. 'डुबुक' असा एक आवाज झाला. बादलीत सौभाग्यवतींनी साबणाच्या पावडरीत चादरी भिजत घातल्या होत्या. त्या चादरींतून मोबाइल शोधून काढेपर्यंत मिनिट-दीड मिनिट गेले असेल. बाहेर आला तेव्हा तो चांगला स्वच्छ निघाला होता, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

यानंतर मी जे केले ते जगातला प्रत्येक माणूस करतो. तो चालू आहे का हे पाहण्यासाठी मी बटण दाबले. पडद्यावर नातवाचा हसरा चेहरा आला, थरथरला, हिरवा झाला आणि मावळला.

माझा आवाज ऐकून घरात परिषद भरली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "उन्हात ठेवा." आषाढातले ऊन कुठून आणायचे ते त्यांनी सांगितले नाही. समोरच्या वहिनी केस वाळवायचे यंत्र घेऊन आल्या. चिरंजीवांनी बंगळूरहून आईच्या फोनवर ओरडून सांगितले, "बाबा, चार्जिंगला लावू नका!" तोवर मी वायर हातात घेतलीच होती. शेवटी सौभाग्यवतींनी निकाल दिला, "अहो, तांदळात ठेवा. सगळे तांदळातच ठेवतात."

"कोणत्या तांदळात?" मी विचारले.

"कोलम आहे. आंबेमोहोरात नको हं, वास लागेल."

"मोबाइलला?"

"तांदळाला!"

तर अशा रीतीने माझा मोबाइल कोलमात पुरला गेला, आणि मी त्या डब्यासमोर खुर्ची टाकून सुतकात बसल्यासारखा बसलो. "एवढं काय हो त्या फोनचं? नवा घ्या," असे काका म्हणालेही. मी गप्प राहिलो. कारण फोनचे मला काहीच नव्हते. त्या फोनात माझी आई होती.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी आई पानशेतच्या पुराची हकीकत सांगायला बसली, तेव्हा मी सहज तो आवाज फोनात धरून ठेवला. १४ मिनिटांचा मजकूर. नंतर तीन वर्षांनी आई गेली. तिचा आवाज आता जगात त्या एकाच ठिकाणी होता. आणि मी, ज्याने ३४ वर्षे मुलांना राजवाड्यांचे उदाहरण दिले, त्या माणसाने गावोगाव हिंडून, अडगळीतली दप्तरे उपसून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' एकामागून एक २२ खंडांत छापली आणि म्हणून ती वाचली, असे घसा कोरडा करून सांगितले, त्या मी घरातल्या एकमेव अस्सल साधनाची एक नक्कल करून ठेवली नव्हती. राजवाडे असते तर छडी घेऊन आले असते.

रात्री झोप येईना. झोप न येणारा इतिहासाचा मास्तर दुसरे काय करणार? भिजलेल्या वस्तूंचा इतिहास आठवत पडलो.

माणसाच्या यंत्रांचे आणि पाण्याचे भांडण मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे. १९२६ साली रोलेक्सने 'ऑयस्टर' नावाचे, पाणी आत शिरू न देणारे घड्याळ काढले. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी ते गळ्यात बांधून इंग्लिश खाडीच्या बर्फगार पाण्यात उतरली. दहा तासांहून अधिक पोहली. थंडीने बाईंना शेवटी बाहेर काढावे लागले, पण घड्याळ चालू होते. कंपनीने लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. बाई हरल्या आणि घड्याळ जिंकले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हापासून 'पाणी लागत नाही' हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी बसले ते आजतागायत. माझाही फोन म्हणे ६७ नंबरचा होता. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. फक्त हे पाणी स्वच्छ आणि स्थिर असावे लागते. त्यात साबण, चादरी आणि पाच वर्षांनी सैल झालेला रबराचा पट्टा यांचा अंतर्भाव नाही. तहात बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते हरल्यावरच कळते.

आपल्याकडे पहिला मोबाइल ३१ जुलै १९९५ ला वाजला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीच्या सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर दहाच वर्षांनी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईकर छातीएवढ्या पाण्यातून घरी चालत गेले. किती फोन त्या दिवशी भिजले कोण जाणे! पण त्या वेळच्या फोनांना पाठीमागे झाकण असे. नखाने उघडायचे, बॅटरी काढून खिशात टाकायची. वीजच नाही तर पाणी बिचारे काय करणार? आता फोन पातळ झाले आणि बॅटरी आत डिंकाने चिकटवून टाकली. पाणी सहज आत जात नाही हे खरे, पण गेले तर मालकालाही आत जाता येत नाही.

आणि मग मला वडिलांचे घड्याळ आठवले.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासला फुटले आणि मुठेचे पाणी शनिवार-नारायण पेठेत शिरले. मी आठ वर्षांचा होतो. वडील कचेरीत होते. आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी मावशीकडे गेली. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात, पट्टा तुटला म्हणून त्या दिवशी कोनाड्यात राहिलेले, वडिलांचे मनगटी घड्याळ सापडले. वडील मला बरोबर घेऊन ते घड्याळजीकडे गेले.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून पहिला प्रश्न विचारला, "किल्ली दिलीत का?"

"नाही."

"शहाणे आहात."

एवढे बोलून त्यांनी घड्याळ उघडले, चक्रे सुटी केली आणि सगळी पेट्रोलच्या वाटीत टाकली. वडील हबकले. "अहो, आधीच भिजून आलंय, पुन्हा भिजवता काय?"

"पाणी केव्हाच गेलं हो," घड्याळजी म्हणाले, "चिखल राहिलाय."

मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. चिखल राहिलाय!

सकाळी उजाडताच कोलमातून फोन उकरला. त्याच्या चार्जिंगच्या भोकात एक तांदूळ अडकला होता. तो तसाच घेऊन तपकीर गल्ली गाठली. तिथे एका हातभर रुंदीच्या दुकानात पंचविशीतला एक मुलगा भिंगाखाली वाकून बसला होता. त्याने फोन पाहिला, तांदूळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

"काका, बटण दाबलं होतं का?"

चौसष्ट वर्षांनी तोच प्रश्न! घड्याळजींची गादी चालवणारा कोणीतरी आहे हे पाहून मला भरून आले. मी गुन्हा कबूल केला.

मुलाने फोन उघडता उघडता मला जो पाठ दिला तो शाळेत कोणी दिला नव्हता. पाणी ओतल्याबरोबर फोन मरत नाही. पाण्यात मीठ, साबण, क्षार असतात. त्यात वीज सोडली की तांब्या-कथलाचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालू लागतात, मुळ्या फुटाव्यात तशा वाढतात आणि जिथे वाट नको तिथे विजेला वाट करून देतात. म्हणजे घात पाण्याने निम्मा केला आणि निम्मा मी, बटण दाबून. तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही. घेतले तरी क्षार आतच राहतात, वर तांदळाचे पीठ जाते. ॲपल कंपनीनेसुद्धा २०२४ साली लोकांना सांगून टाकले की बाबांनो, फोन तांदळात ठेवू नका.

"आणि त्या औषधाच्या बाटलीत पुडी असते ती?" मी विचारले.

"सिलिका जेल? बाहेरची दमट हवा सुकवायला उत्तम. आतला साबण ती कशी काढणार?"

बरोबर होते. १९१९ साली बाल्टिमोरच्या वॉल्टर पॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने त्या जेलचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्याही डोळ्यांसमोर धुण्याची बादली नसणार.

मुलाने आतली एक इवलीशी चिकटपट्टी दाखवली. कोरडी असते तेव्हा पांढरी, पाणी लागले की लाल. माझी कुंकवासारखी लाल झाली होती. मग त्याने बॅटरी सोडवली, आतली हिरवी पाटी काढली आणि एका बाटलीतले आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून मऊ ब्रशने ती धुऊ लागला. भिजलेल्यावर इलाज म्हणजे पुन्हा भिजवणे!

त्यावरून मला एक गंभीर गोष्ट आठवली. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले. २२८ माणसे गेली. विमानातली नोंदयंत्रे जवळजवळ दोन वर्षांनी, मे २०११ मध्ये, सुमारे ३,९०० मीटर खोल तळातून वर आली. अशी यंत्रे वर आली की तज्ज्ञ ती पुसत नाहीत, वाळवत नाहीत. पाण्यातच बुडवून प्रयोगशाळेत नेतात. कारण हवा लागून वाळू दिली की क्षार धातूला खायला लागतात. तिथे ती सावकाश धुतात, सुकवतात आणि सगळी खात्री झाल्यावरच वीज लावतात. दोन वर्षे समुद्रात राहिलेले वैमानिकांचे आवाज त्या यंत्रांतून ऐकू आले. घाई न करणाऱ्यांना ऐकू आले.

"काका, एक सांगतो," मुलगा म्हणाला, "फोन टिकेल याची गॅरंटी नाही. अर्धा तास चालला तर काय काढू?"

"माझी आई," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. पुढे काही विचारले नाही. संध्याकाळी सहाला यायला सांगितले. मी तिथेच समोरच्या टपरीवर चहा पीत पाच तास काढले.

सहाला पडदा उजळला. नातू हिरवाच होता, पण हसत होता. मुलाने तारेने फोन आपल्या संगणकाला जोडला, आणि आधी नक्कल केली. मगच ऐकवले. त्या गल्लीच्या गोंगाटात आईचा आवाज आला. मधे मी विचारतोय, "आई, निघताना सोनं घेतलंस ना?" आणि आई फणकारते, "सोनं? सोनं काय शिजवून घालणार होते तुम्हाला? तांदळाचा डबा घेतला कडेवर नि निघाले! संध्याकाळी तिघं भूक भूक करणार, हे मला ठाऊक नव्हतं होय?"

मुलगा हसला. मी चष्मा पुसला.

फोन चौथ्या दिवशी कायमचा गेला. त्याची मला खंत नाही. आईची आता पाच ठिकाणी नक्कल आहे, एक बंगळूरला. तांदळाच्या डब्याचा योग्य उपयोग आमच्या घराण्यात १९६१ सालीच झाला होता. डबा पुन्हा फळीवर गेला आहे.

सौभाग्यवतींनी मात्र कोणतीही चर्चा न करता माझ्या सगळ्या शर्टांच्या खिशांना बटणे लावून टाकली आहेत.