हद्दीबाहेरचा वक्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

17 जानेवारी 2020 ची गोष्ट. 1956 च्या सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी शिरोळचे आमदार आणि तेव्हाचे राज्यमंत्री राजेंद्र पाटील-यड्रावकर बेळगावला गेले. कर्नाटक पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि महाराष्ट्रात परत पाठवले. शिरोळकरांना बेळगाव काही परदेश नाही. मग माणूस बोलण्याआधीच वेशीवर अडवता येतो का?

येतो. ही युक्ती जुनी आहे, आणि तिचा एक धागा बेळगावातूनच जातो.

1916 मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात होते. एप्रिलअखेर टिळकांनी तिथे होमरूल लीग स्थापन केली आणि 1 मे रोजी भाषण केले. पुढे अहमदनगरलाही ते बोलले. या भाषणांवर बोट ठेवून सरकारने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी 20 हजारांचा जातमुचलका आणि 10-10 हजारांचे दोन जामीन मागितले. टिळक हायकोर्टात गेले. बॅ. जिनांनी बाजू मांडली. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणे वाचून त्यांचा एकूण रोख पाहिला आणि 9 नोव्हेंबरला हुकूम रद्द केला.

कोर्टात गेले की असे होते; शब्द तपासले जातात आणि सरकार हरूही शकते. अ‍ॅनी बेझंट यांच्याबाबत त्याच वर्षी सरकारने तो रस्ताच टाळला. लंडनमध्ये जन्मलेल्या या बाईंना मुंबई इलाख्यात यायलाच मनाई केली. 1917 मध्ये टिळकांनाही पंजाब आणि दिल्लीची दारे बंद झाली. इथे शब्दाचा प्रश्नच नाही, पायाला बंदी.

बी. जी. हॉर्निमन यांची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. हा इंग्रज माणूस फिरोजशहा मेहतांनी 1913 मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. रौलट कायद्यावर त्याने झोड उठवली. जालियनवाला बाग घडली 13 एप्रिल 1919 ला, आणि 26 तारखेला हॉर्निमनना उचलून विलायतेच्या बोटीवर चढवले. खटला नाही, सुनावणी नाही. दिल्लीत फौजेने घातक गोळ्या वापरल्याचा खोटा आरोप त्यांच्या पत्राने केला, असे भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले. आरोप खोटा होता, तर खटला भरायला कुणी अडवले होते?

परिणाम काय झाला? ‘क्रॉनिकल’वर सेन्सॉर बसला आणि ते काही काळ बंद पडले. तेव्हा उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांनी आपल्या हातातली ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही पत्रे गांधीजींच्या स्वाधीन केली. एक संपादक घालवला आणि सरकारच्या पुढ्यात कोण येऊन बसला, पाहा! इकडे हॉर्निमननी 1920 मध्ये इंग्लंडात अमृतसरवर पुस्तक छापले. 1926 मध्ये ते भारतात परतले, पुन्हा संपादक झाले.

इतके सोपे मात्र नाही. 2014 मध्ये गोवा सरकारने श्रीराम सेनेच्या प्रमोद मुतालिक यांना गोव्यात बंदी केली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवली नाही. मंगळूरच्या पबमध्ये 2009 साली मुलींना झालेली मारहाण आठवली की ही बंदी मलाही पटते. आणि तिथेच मी अडखळतो. बेझंटबाईंना अडवणारे अधिकारीही शांततेचीच काळजी सांगत असणार. फरक एवढाच दिसतो की मुतालिक निदान कोर्टात जाऊ शकले, सरकारला कारण सांगावे लागले. हॉर्निमनना तेवढेही मिळाले नाही.

मुंबईत फोर्टमधल्या वर्तुळाकार बागेला पूर्वी गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव होते. आज तिला हॉर्निमन सर्कल म्हणतात. हॉर्निमनना हद्दपार केले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते जॉर्ज लॉईड.