टायरमधली हवा: अंगठ्यापासून आकड्यापर्यंत

आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय ती दिसत नाही, पण तुमचं आणि मागे बसलेल्या मित्राचं वजन तीच उचलते. टायरमधली हवा. रबर तिला फक्त धरून ठेवतं.

ही कल्पना आधी सुचली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरला. 1845 मध्ये, अवघ्या 23व्या वर्षी त्याने पेटंट घेतलं. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात हवेच्या चाकांच्या घोडागाड्या पळाल्यासुद्धा. पण तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या, मोटारी तर नव्हत्याच. एवढं महागडं चाक घेणार कोण? लोक विसरून गेले.

मग आलं 1887. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्याने हवेची चाकं बनवली. 1888 मध्ये पेटंट घेतलं, 1889 मध्ये या टायरवर विली ह्यूमने बेलफास्टमधल्या सायकल शर्यती मारल्या आणि मागणी वाढली. पुढे थॉमसनचं जुनं काम समोर आलं आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण टायर काही थांबला नाही.

आता खरी गंमत. हवा भरता येत होती, पण किती भरली हे कळायचं कसं? आपल्या साध्या सायकलींना जो व्हॉल्व्ह असतो, वॉलट्यूबवाला, तो त्याच काळातला. त्यातून आतलं प्रेशर नीट मोजता येत नाही. म्हणून आपण सगळे टायर अंगठ्याने दाबून बघत मोठे झालो.

उत्तर मिळालं न्यूयॉर्कच्या श्रेडर कुटुंबाकडून. रबरी वस्तूंचे जोड आणि पाणबुड्यांची उपकरणं बनवणारी ही मंडळी. त्यांच्या व्हॉल्व्हला 1893 मध्ये पेटंट मिळालं. आत एक बारीक पिन आणि स्प्रिंग. आतली हवाच व्हॉल्व्ह दाबून बंद ठेवते. गेज लावला की पिन दबते आणि आतलं प्रेशर थेट गेजमध्ये येतं. अंगठ्याच्या अंदाजाच्या जागी आकडा आला! तुमच्या बाईकला आजही हाच व्हॉल्व्ह आहे.

हा आकडा न बघण्याची किंमत काय असते, ते 2000 साली अमेरिकेला कळलं. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर चालत्या गाडीत सुटायला लागला. या अपघातांत 200 हून जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होतेच, पण कमी हवा आणि त्यातून वाढणारी उष्णता हाही मुद्दा पुढे आला. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. मग कायदा झाला: कारमध्ये हवा 25 टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. मोटरसायकल मात्र त्या नियमात नाही. आपल्याही बहुतेक बाईकवर असा दिवा नसतो. म्हणजे तो दिवा आपणच.

मग तपासायचं कुठे? घरीच. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, आणि पेट्रोल पंपापर्यंत गाडी नेली की टायर तापलेला. तापमान 10 अंशांनी वाढलं की 30 पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतात. गरम टायरमधून 'जास्त' वाटलेली हवा सोडली, तर सकाळी ती कमी भरणार.

म्हणून आठवड्यातून एकदा, गाडी काढायच्या आधी बघा. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये पुढचा, मागचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो. गेज सरळ दाबा, फुस्स आवाज थांबला की वाचा. कमी असेल तर पायपंपाने किंवा छोट्या इलेक्ट्रिक पंपाने भरा, पुन्हा मोजा. शेवटी व्हॉल्व्हचं टोपण घट्ट लावा, धूळ आत गेली की हवा झिरपते.

दोन मिनिटांचं काम आहे. उद्या सकाळी करून बघा, आणि काय आकडा आला ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!