पुन्हा बांधलेलं शहर

मुलगा बर्लिनला असतो. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून तीन दिवस सगळ्यांनी मिळून युरोपातली एखादी जुनी राजधानी पाहायची, असा बेत आहे. सूनबाई म्हणाली प्राग, मुलगा म्हणाला व्हिएन्ना. मी म्हणालो, वॉर्सा. बर्लिनहून थेट रेल्वे आहे, पाच-सहा तासांचा प्रवास. मुलाने विचारलं, ‘‘बाबा, प्रागमध्ये सगळं जुनं जसंच्या तसं आहे. वॉर्सात जुनं काय उरलंय?’’

प्रश्न रास्त होता. कोल्हापुरात तीस वर्षं इतिहास शिकवला असल्याने उत्तर द्यायची जबाबदारीही माझ्यावरच आली.

राजा तिसरा झिग्मुंट याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस दरबार क्राकूवहून वॉर्साला हलवला. त्याच्या मुलाने 1644 मध्ये राजवाड्यासमोर बापाच्या स्मरणार्थ उंच स्तंभ उभारला. तीनशे वर्षं तो उभा होता. 1 ऑगस्ट 1944 रोजी संध्याकाळी पाच वाजता वॉर्साच्या लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. हा लढा 63 दिवस चालला. दीड लाखाहून अधिक नागरिक मारले गेले. उरलेल्यांना शहराबाहेर काढलं गेलं. मग जर्मन सैन्याच्या तुकड्यांनी रिकाम्या शहरात घरं जाळली, सुरुंग लावून इमारती उडवल्या. झिग्मुंटचा स्तंभ उठावाच्या काळातच कोसळला होता. राजवाडाही सुरुंगाने उडवण्यात आला. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत फौजा शहरात शिरल्या, तेव्हा सुमारे 85 टक्के वॉर्सा उद्ध्वस्त झालं होतं.

राजधानी दुसरीकडे न्यावी, असाही विचार झाला. पण लोक परत आले आणि ढिगारे उपसू लागले. तिथल्या वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन केलेले आराखडे वाचले होते. शिवाय बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली वॉर्साची बारकाईची चित्रं होती. त्यांच्या आधाराने जुन्या गावाचा चौक 1953 मध्ये पुन्हा उभा राहिला. स्तंभ त्याआधीच, 1949 मध्ये उभारला होता. राजवाड्याला मात्र 1971 पर्यंत थांबावं लागलं. तो लोकवर्गणीतून बांधला गेला आणि 1984 मध्ये लोकांसाठी खुला झाला. युनेस्कोने 1980 मध्ये या जुन्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या पुनर्बांधणीसाठीच.

हे सगळं मी फोनवर सांगत असताना माझी दहा वर्षांची नात मध्येच म्हणाली, ‘‘आजोबा, म्हणजे ते खोटं आहे ना? नाटकातल्या सेटसारखं?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. समोरची भिंत अठराव्या शतकातली दिसली, तरी आतल्या खोल्या विसाव्या शतकातल्या आहेत. आणि या बांधकामासाठी व्रोत्स्वाफसारख्या पश्चिमेकडच्या शहरांतून विटा आणल्या गेल्या. एक शहर उभं राहिलं, त्यात दुसऱ्याच्या भिंती गेल्या.

आणखी एक गोष्ट. 1940 मध्ये जर्मनांनी वॉर्सातल्या चार लाखांहून अधिक ज्यूंना भिंतीआड कोंडलं. 1943 च्या ज्यूंच्या उठावानंतर तो सगळा भाग जमीनदोस्त केला. तो भाग कुणी जुन्या चित्रांवरून पुन्हा बांधला नाही. ढिगाऱ्यांवरच नवी वसाहत उभी राहिली. आज तिथे काही घरं रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात, कारण खाली जुनी घरं गाडलेली आहेत. ती भिंत कुठून जात होती, हे फुटपाथवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून कळतं.

मग वॉर्साचाच हट्ट का? त्याचं कारण माझ्या आईपाशी आहे. आई लहानपणी कोल्हापूरच्या बाजारात गोऱ्या बायका पाहायची. मोडक्यातोडक्या मराठीत त्या भाजीचा भाव करायच्या. त्या होत्या वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश निर्वासित. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार जण वळिवड्यात राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती, त्यामुळे अनेकांना घरी परतता आलंच नाही. त्याच जागेवर पुढे फाळणीने घर गमावलेले सिंधी आले आणि गांधीनगर वसलं. वॉर्सात आज या छावणीचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केलं.

दुसऱ्या दिवशी मी नातीला फोन केला. म्हटलं, ‘‘सेट नाटकवाले बांधतात आणि प्रयोग संपला की मोडतात. हे ज्यांची घरं गेली, त्यांनी राहायला बांधलं. खोटं म्हणायचं की नाही, ते तू तिथे जाऊन ठरव.’’

आता बेत ठरला आहे. पहिल्या दिवशी राजवाड्यात बेलोत्तोची चित्रं पाहायची. मग बाहेर येऊन, चित्रातलं घर आणि रस्त्यावरचं घर यांत काय सारखं आणि काय वेगळं, ते नातीने शोधायचं. राजवाड्याशेजारी जुन्या स्तंभाचे तुटलेले तुकडे ठेवले आहेत, तेही तिला दाखवायचे. दुसऱ्या दिवशी फुटपाथवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या मागाने चालायचं. तिला झेपेल तेवढंच सांगायचं, पण खोटं सांगायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या स्मारकापाशी जायचं आणि दुपारी वाझिएन्की बागेत शोपँच्या पुतळ्याजवळ निवांत बसायचं.

आई आज हयात नाही. त्या स्मारकापाशी तिच्या नावाने दोन फुलं ठेवावीत, एवढंच मनात आहे. मुलाने तिकिटं काढली आहेत. प्राग पुढच्या वर्षी.