कामठ्याचा कागद आणि बाईचे नाव

कामठ्याचा जो इतिहास लिहिला गेला तो जमीनदारीचा. गोंदिया शहराजवळचे, आज बिरसी विमानतळाच्या शेजारी असलेले हे गाव जुन्या भंडारा मुलखातल्या एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ मध्ये नागपूरकर भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या कह्यात जात असताना इथल्या चिमणा पाटलाने बंड केले, कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा जिंकले आणि पुढे ही जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. सारा किती, गाव कोणाच्या वहिवाटीत, तलाव कोणी बांधला, हे दप्तरात मिळते. ज्या धानावर तो सारा उभा होता, ते धान कोणाच्या हातांनी रोवले गेले याची नोंद ठेवण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. या भागातल्या बायांना विकास कार्यक्रमांनी कमावते केले, असे सरकारी पुस्तिकांत वाचायला मिळते. ते खरे नाही, असे माझे ठाम मत आहे. या धानाच्या मुलखातली, झाडीपट्टीतली बाई पिढ्यान्पिढ्या कमावतीच होती. तिच्याकडे नव्हता तो कागद. म्हणून कोणताही कार्यक्रम तपासायचा तो एकाच प्रश्नाने: कोणत्या कागदावर तिचे नाव आले?

धानाची शेती बाईच्या श्रमावाचून होतच नाही. नांगरणी, चिखलणी पुरुष करतात. परे म्हणजे धानाची रोपे उपटणे, वाकून चिखलात एकेक रोप रोवणे, निंदण काढणे ही सगळी कामे मुख्यतः बायांची. परे तयार झाले की रोवणीचे दिवस मोजकेच मिळतात, आणि त्या दिवसांत बायांची टोळी मिळाली नाही तर मोठा शेतकरीही हतबल होतो. इतकी गरज असूनही रोजी ठरवताना बाईचा दर पुरुषाच्या खालीच राहिला. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला, पण तो बांधीच्या धुऱ्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा आली नाही. ज्यांच्यावाचून हंगाम अडतो त्यांनाच कमी मजुरी, ही विसंगती टिकली, कारण हा सगळा व्यवहार तोंडी होता.

बिडीचे तसे नव्हते; तिथे सट्टेदाराची, म्हणजे ठेकेदाराची, वही होती. रेल्वे आली, भोवतालच्या जंगलात तेंदूपान मुबलक होते, आणि विसाव्या शतकात गोंदिया बिडीचे मोठे केंद्र झाले. पान आणि तंबाखू सट्टेदाराकडून घ्यायची, घरी बसून हजाराच्या दराने बिड्या वळायच्या, परत करताना ‘छाट’ म्हणून काही बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. या श्रमाकडे राज्यकर्ते कसे पाहत होते याचा एक बोलका पुरावा आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ मध्ये एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार त्याने दिला. हेतू हा की मजूर शेताकडे वळावेत. सागर जिल्ह्यातले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये चिंतामणराव खटल्यात ही बंदी घटनाबाह्य ठरली. अपंग, म्हाताऱ्या बाया, मुले यांना शेतात काम जमत नाही. त्यांची बिडीची कमाई बंद करून शेतीला काय मिळणार, असा न्यायालयाचा रोख होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आणि तो जिल्हा त्याच प्रांतात. बाईचे हात कुठे राबावेत हे ठरवायला सरकार पुढे आले. तिला काय मिळावे, हे मात्र बरेच पुढे, १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात आले. त्या कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले. १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पण हे लाभ ओळखपत्राला जोडलेले होते. सट्टेदाराच्या वहीत घरच्या पुरुषाचेच नाव असेल, तर रात्री चिमणीच्या उजेडात वळणाऱ्या, तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बाईला दवाखान्याची वाट बंदच.

मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ मध्ये गेली. गावाच्या सत्तेची एवढी मोठी उलथापालथ पुन्हा झाली नाही. तलाव सरकारकडे आले, जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली, आणि कसणारा म्हणजे पुरुष हे न बोलताच ठरले. रोवणाऱ्या बाईचा विचार झाला नाही.

या पार्श्वभूमीवर बचत गटांकडे पाहावे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झाले. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. पुढे महामंडळाचा तेजस्विनी कार्यक्रम आला, त्यातून गटांच्या वर लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. ग्रामीण उपजीविकेच्या ‘उमेद’ अभियानाने २०११ पासून ज्या जिल्ह्यांत आधी जोर लावला, त्यांत गोंदिया होता. या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती गटाची वही. बचत किती, कर्ज कोणाला, फेड कधी, हे बायांनीच लिहायचे, बायांनीच तपासायचे, बँकेत सही बायांचीच. ज्या समाजात तिची कमाई कधी लिहिलीच गेली नव्हती, तिथे हा बदल लहान नव्हे. सरपंचपदाच्या बायांसाठी राखीव जागा १९९३ नंतर आल्या आणि २०११ मध्ये त्या एकूण जागांच्या निम्म्या झाल्या. तेव्हा सभेत उभे राहून हिशेब विचारण्याची सवय गटातून आलेल्या बायांकडे आधीच होती.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. गटांनी बाईवर कर्ज वसुलीचे ओझे टाकले, सरकारने करायची कामे तिच्या फुकटच्या वेळावर ढकलली, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पोषणाची माहिती, शौचालयाचा प्रचार, गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, सगळे गटावर आणि आशा सेविकेवर येऊन पडते, आणि तुटपुंजा मोबदला हा तिचा हक्क न मानता उपकार मानला जातो. पण यातून निघणारा निष्कर्ष गट नकोत असा नाही. काम नोंदले गेले आहे, म्हणूनच त्याचा मोबदला मागता येतो. रोवणीच्या मजुरीतली तफावत शंभर वर्षे कोणी भरून मागू शकले नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. दुसरा आक्षेप असा की इथली बाई मुळातच मोकळी. २०११ च्या जनगणनेत गोंदियात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या, मग खास कार्यक्रम कशाला? हा आकडा अभिमानाचा आहे हे मान्य. मुलगी नकोशी नाही, यामागे तिच्या श्रमाची गरज आहे, असे मला वाटते. मात्र गरज असणे आणि मालकी असणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर सातबाऱ्यावर दिसते. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढवण्याची लक्ष्मी मुक्तीची कल्पना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मांडली, सरकारने १९९० च्या दशकात ती स्वीकारली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही गटाच्या बैठकीत जमिनीचा विषय क्वचितच निघतो. कार्यक्रम शेळी देतो, शिवणयंत्र देतो, कर्ज देतो. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे सोबत येणारा माणूस देत नाही. याची किंमत दर हंगामात मोजली जाते. आधारभूत किमतीच्या धान खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावरून होते, चुकारे आणि बोनस त्याच नावाच्या खात्यात जातात. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर धान रोवणारी, निंदणारी आणि कापणारी बाई त्या केंद्रावर विक्रेती म्हणून उभीच राहू शकत नाही. गटांच्या संघांनी पुढची मोहीम वारस नोंदीची आणि सहहिस्सेदारीची घ्यावी, आणि त्यासाठी लागणारा खर्च व माणूसबळ महामंडळ आणि ‘उमेद’ने आपल्या अंदाजपत्रकात धरावे.